बिननावाच्या अँपमधली दोरी

आधीच सांगून टाकतो, मी या भुताखेतांच्या ग्रुपवर आलो तो तुमची खेचायला. मेव्हण्यानं ॲड केलं होतं. इथले किस्से वाचायचे, चहा प्यायचा आणि हसायचं... 'पंखा आपोआप फिरला', 'बंद रेडिओ खरखरला'. अरे बाबांनो, मांत्रिक कशाला, वायरमन बोलवा!

माझा धंदाच आवाजाचा. आळेफाट्याला साउंड दुरुस्तीचं दुकान आहे. जत्रा, लग्नं, भजनी मंडळं, सप्ते — सगळ्यांचे अँप, मिक्सर, माईक फिरून फिरून माझ्या टेबलावर येतात. आजवर जेवढे 'आपोआप' आवाज ऐकले त्या प्रत्येकाच्या मुळाशी सुटलेली अर्थिंग सापडली, नाहीतर उंदीर. आमच्या भागात अंधार पडल्यावर माणूस भितो तो बिबट्याला. भुताला भ्यायला इथं सवड कुणाला आहे?

तर आता तुमची पाळी. तुम्ही माझी खेचा. कारण खाली जे लिहितोय ते मला सुटलेलं नाही, आणि सुटलं नाही की माझी चिडचिड होते. घरात सगळे वैतागलेत. बायको म्हणाली, लिहून टाका एकदाचं, डोक्यातून जाईल.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. निरगुडसरहून एक बाई आल्या, मार्केटला कांदा घेऊन आलेल्या पिकअपमध्ये बसून. शैलाताई. अंगणवाडी चालवतात. सोबत गोणपाटात गुंडाळलेली एक लाकडी पेटी होती. मंचरच्या कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, व्हॉल्व्हच्या जुन्या मशीनला अजून हात लावणारा एकच येडा आहे आणि तो आळेफाट्याला बसतो. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मला बाई तिथंच आवडल्या.

गोणपाट सोडलं. आत जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा, तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. पेटी सागाच्या तुकड्यांची, कोपरे पत्र्यानं मारलेले, आणि स्पीकरवर जाळीच्या जागी चक्क खणाचं कापड ताणलेलं. हिरवा खण, काठ विटलेला. कुठं कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, साधा स्टिकरही नाही. बटणांखालीही काही लिहिलेलं नाही. मागं एक वर-खाली होणारा स्विच होता, त्याच्या खालच्या बाजूला लाल ठिपका.

'भाऊ, हे चालू व्हईल का?' त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, होईल, पण कशाला? आता याच्या दसपट आवाजाचा ब्लूटूथ स्पीकर पोरं खांद्यावर घेऊन फिरतात. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची आई, इंदूबाई. गोठ्यात पाय घसरला, उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड छान जुळलं. डॉक्टर म्हणतात आता काही अडचण नाही, उभ्या राहा, चाला. पण आई उजवा पाय जमिनीला टेकवतच नाही. दुखतो का विचारलं तर मान हलवून नाही म्हणते. बोलणंही जवळजवळ थांबलंय. फिजिओथेरपीवाली मुलगी स्पष्ट सांगून गेली, आता नाही उठल्या तर पुढं कधीच उठणार नाहीत. शैलाताईंचा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत असतो. त्यानं पुण्यात म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक जागा बघून ठेवली होती. महिनाअखेरीला गाडी घेऊन येणार होता.

'आन् ती तिथं जगायची न्हाई,' शैलाताई म्हणाल्या. डोळ्यात पाणी वगैरे काही नाही. सरळ सांगितलं.

मी म्हणालो, ताई, पण यात पेटीचा काय संबंध? तर झालं असं होतं — आईची खाट बाहेरच्या खोलीत घ्यायची म्हणून त्यांनी माळ्यावरचं सामान खाली काढलं. भंगारवाला ही पेटी उचलायला लागला, तशा इंदूबाई इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा आपल्या आपण उठून बसल्या आणि पेटीचं हँडल धरलं. सोडेचनात. तेव्हापासून पेटीकडं बघत राहायच्या आणि उजव्या पायाची बोटं हलवायच्या. तेवढंच, बोटं.

आई तमाशात होती, हेही शैलाताईंनीच सांगितलं, मान वर करून. नारायणगावच्या एका फडात नाचायची. वडील, विलास त्यांचं नाव, त्याच फडात गिटार वाजवायचे. शैलाताई लहान असतानाच ते गेले. पेटी वडिलांनीच बनवली असणार, असा त्यांचा अंदाज. 'आईनं कधी सांगितलं न्हाई, आमी कधी इचारलं न्हाई. चालू झाली तर काय सांगावं, पाय टाकील.'

आता असल्या कामाला नाही कसं म्हणणार? ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी उघडली. मला आधी वाटलं, गावोगावच्या माईकसेटचा अँप असेल, तसले ढिगानं बघितलेत. पण आत बघतो तर माईकची जोडणीच नाही. आणि एका कोपऱ्यात वेगळं छोटं सर्किट, आवाज लाटेसारखा थरथरवणारं. भाषणाला असला थरथराट कुणी लावत नाही. म्हणजे गिटारचाच अँप, यात शंका नाही. पण कारखान्यात बनलेला नव्हता. पत्र्याला भोकं हातानं पाडलेली, सोल्डरिंग मात्र असं नाजूक की मी चष्मा लावून पुन्हा बघितलं. ट्रान्सफॉर्मरला एक जादा टॅप काढून तो मागच्या स्विचवर आणलेला, म्हणजे लाइट कमी आली की स्विच खाली करायचा. तो लाल ठिपका नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. नेलपॉलिश! मी एकटाच हसलो. म्हटलं, विलासराव शौकीन दिसतात.

काम तसं नेहमीचंच. कंडेन्सर सगळे गळालेले, दोन रेझिस्टर जळालेले, एक व्हॉल्व्ह मेलेली. पण आत हात घालायला जागाच नव्हती, कारण सगळ्या वायरी एका जाड सुती दोरीनं बांधून काढल्या होत्या. दोरी मेण चोळल्यासारखी गुळगुळीत, काळपट, आणि तिला बोटाबोटाच्या अंतरावर गाठी. जुन्या मशीनमध्ये वायरी दोऱ्यानं बांधायची पद्धत असते, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. गाठी जरा जास्तच जवळ होत्या एवढंच. कटर घेतला, दोरी ठिकठिकाणी तोडली, ओढून काढली. नंतर प्लास्टिकचे केबल टाय मारू, असा हिशोब.

एक सवय आहे माझी, चांगली म्हणा की वाईट. काढलेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाला परत देतो, म्हणजे उगाच संशय नको. तसे ते तुकडेही कंडेन्सरसोबत पिशवीत टाकले.

मग शंभरचा बल्ब सिरीजला लावून हळूहळू करंट दिला. बल्ब पेटला, मंद झाला. व्हॉल्व्ह तांबूस झाल्या. दुकानात टेस्टिंगसाठी एक गिटार ठेवलेली असते, ती लावली. आणि काय सांगू राव... गोड आवाज. गुळाच्या काकवीसारखा. मी स्वतःवरच खूश होऊन चहा सांगितला.

गिटारची वायर काढून ठेवली होती. अँप नुसता चालू. चहा येतोय तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

छुम्. थोडं थांबून, छुम्. मग लागोपाठ दोन, छुम् छुम्. पुन्हा थांबून एक.

भर दुपार. समोर हायवे, नाशिकच्या गाड्या, शेजारच्या गॅरेजमध्ये ग्राइंडर चाललेला. घाबरायचं काही कारणच नव्हतं आणि मी घाबरलोही नाही. मी चिडलो. कारण हा प्रकार मला माहीत आहे. व्हॉल्व्ह कधीकधी माईकसारखी वागायला लागते, टेबलावर टिचकी मारली तरी आतून टण्ण वाजते. म्हटलं, ट्रकच्या हादऱ्यानं वाजत असेल. व्हॉल्व्ह बदलली. छुम्. सगळ्या व्हॉल्व्ह बदलल्या. छुम् छुम्. अँपखाली फोमची गादी घातली, मोबाइल बंद केला, गॅरेजवाल्याला हात जोडून ग्राइंडर थांबवायला लावला. शेवटी इनपुटच तारेनं शॉर्ट करून टाकला, म्हणजे बाहेरून काही आत येण्याचा प्रश्नच नको. तरी तेच. आणि त्याला ठेका होता. हादऱ्याला ठेका नसतो.

त्याच दिवशी तिन्हीसांजेच्या आधी शैलाताईंचा फोन आला. पेटी कुठवर आली म्हणून विचारलं, आणि मग आवाज खाली गेला. सकाळपासून आईनं बोटं हलवायचीही सोडली होती. पाय लाकडासारखा झालाय म्हणाल्या. त्यांनी चिमटा काढून बघितला होता. भावाला फोन केला तर तो म्हणाला, मग महिनाअखेरीची वाट कशाला बघायची, रविवारीच येतो.

मी धीर दिला, उद्या-परवा पेटी आणून देतो म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र माझी नजर त्या पिशवीकडं गेली. सकाळीच मी दोरी तोडली होती. लगेच स्वतःला दोन शिव्या दिल्या. म्हटलं, या ग्रुपवरचे किस्से वाचून वाचून तुझंही डोकं फिरलं.

पण मशीन असं वाजत असताना गिऱ्हाइकाच्या हातात देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. वारूळवाडीला बबनमामा राहतात, तमाशाच्या फडांबरोबर जनरेटर आणि लाइट घेऊन सगळा महाराष्ट्र हिंडलेला माणूस. आता थकलेत, दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारत बसतात. नारायणगावचा जुना अँप म्हणजे त्यांनी कधीतरी बघितला असणारच. सकाळीच अँप गाडीत घातला आणि गेलो.

त्यांनी पेटीकडं बघितलं. खणावरून हात फिरवला. मागं वळवून लाल ठिपका बघितला आणि स्वतःशीच मान हलवली. काही बोलायच्या आत मी प्लग लावला, कारण मला आवाजाचं बोलायचं होतं. व्हॉल्व्ह तापल्या. छुम्. छुम्. छुम् छुम्.

बबनमामांनी खुर्ची पुढं ओढली. डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, 'ह्यो एकाच पायाचा आवाज हाय.'

मी म्हणालो, मामा, काय बोलता? एकाच पायाचा म्हणजे?

मामांनी पेटी स्वतःकडं वळवली. आत काय काय केलंस ते दाखव म्हणाले. मी मागची फळी काढली, पिशवी पुढं केली. दोरीचे तुकडे बघितले आणि त्यांचा चेहराच बदलला.

'हे कुणी तोडलं?'

'मी. कंडेन्सर बदलायचे होते.'

'आरं, कंडेन्सर बदलायचा का बाईचा पाय तोडायचा?'

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण मामांच्या बोलण्यात दर वाक्याला एक शिवी असते. तो अँप विलासनं बनवलेलाच नव्हता. इंदूबाईंनी बनवला होता. नाचणारी बाई, पण दुपारी सगळा फड झोपला की ती मामांच्या जनरेटरच्या गाडीत येऊन बसायची. आधी फ्यूज बांधायला शिकली, मग सोल्डरिंग, मग मामांनी मोडीत घेतलेले रेडिओ सोडवून पुन्हा जोडायला लागली. विलासची गिटार तेव्हा माईकच्याच अँपवर वाजायची आणि ढोलकी-हलगीखाली गाडली जायची. तो रुसून बसायचा. तर हिनं ठरवलं, त्याला स्वतंत्र अँप करून द्यायचा. जनरेटर ओढायला लागला की खाली करायचा तो स्विच तिचा, ठिपका तिच्या नेलपॉलिशचा, खण तिच्या चोळीचा.

अँप तयार झाला, पण फडाच्या ट्रकमध्ये घाटाघाटानं हिंदकळून वायरी तुटायला लागल्या. चैत्रातल्या जत्रा तोंडावर आलेल्या. वायरी घट्ट बांधायला हवा तसला दोरा मिळेना. तेव्हा तिनं आपल्या उजव्या पायाचा चाळ सोडला. चाळ म्हणजे नाचताना पायाला बांधतात ती घुंगरांची माळ, जाड दोरीत एकेक घुंगरू गाठ मारून ओवलेलं असतं. घुंगरं काढून देवीला वाहिली आणि त्या दोरीनं वायरी बांधल्या. ज्या गाठी मला जास्त जवळ वाटल्या ना, तिथं प्रत्येक दोन गाठींच्या मध्ये एकेक घुंगरू बसलेलं होतं.

आणि त्या रात्री ती एकाच चाळावर नाचली. डाव्या.

'मालकानं सांगितलं, दुसरा ओवून घे,' मामा म्हणाले. 'तर म्हनली, माझा उजवा पाय त्याच्या पेटीत हाय. लोकास्नी बी त्येच आवडलं. एका चाळाची इंदू म्हनून सुपारी याची फडाला.'

मग एका पावसाळ्यात, फड बंद असताना, विलास काविळीनं गेला. इंदूबाईंनी डावा चाळही सोडला, दोन पोरं घेऊन निरगुडसरला त्याच्या गावी आल्या आणि शेतात राबल्या. पुन्हा नाचल्या नाहीत. पेटी माळ्यावर गेली.

मी शैलाताईंच्या फोनचं सांगितलं आणि विचारलं, आता काय करू? मामा म्हणाले, फडात एक रीत होती. ज्याचा चाळ त्यानंच बांधायचा आणि त्यानंच सोडायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नवख्या पोरीसुद्धा हे शिकण्याआधी काही शिकत नसत. 'तू तोडलास. न कळत तोडलास, पर तोडलास. ती खाटंवर पडलीया, तवा आता तूच बांध. उरलेलं तिचं ती बघंल.' त्यांनी सुतळीच्या तुकड्यावर मला गाठ शिकवली. बोटाला एक वेढा, खालून वर, आणि ओढताना अंगठा सोडायचा नाही. सारखी चुकत होती आणि मामा सारखे माझा उद्धार करत होते.

दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं. विश्वास बसला होता असं अजिबात समजू नका. मी स्वतःची समजूत घातली होती की वायरी सैल पडल्यानं काहीतरी वाजतंय, बांधल्या की बंद होईल. म्हणून बांधतोय. पण मग केबल टाय का नाही मारले, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. केबल टायचं पाकीट समोरच पडलं होतं.

तुकडे जोडले, जुन्याच जागांवरून दोरी फिरवली, गाठी मारत गेलो. सगळी दुपार गेली. मागची फळी स्क्रूनं बंद केली. चालू केला. कान लावून बसलो. शांत. व्हॉल्व्हची बारीक सळसळ, बस्स. हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, दुकान मला एकदम रिकामं वाटलं. भलत्याच गोष्टीची सवय होते माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताईंचा फोन. आईनं पहाटे पुन्हा बोटं हलवली होती. मी 'चांगलं झालं' एवढंच म्हणालो. दोरीचं त्यांना एका शब्दानं बोललो नाही, कारण बोलायचं काय? ताई, मी तुमच्या आईचा पाय तोडला होता आणि काल जोडला?

रविवारी, भाऊ येण्याआधी पोचायचं म्हणून सकाळीच निघालो. मंचरवरून आत वळलं की दोन्हीकडं ऊस. घर साधं, पुढं अंगण, गोठ्यात दोन गाई. इंदूबाई बाहेरच्या खोलीत खाटेवर टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, नाकात जुनी चमकी. मी नमस्कार केला तर त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. सगळं लक्ष पेटीवर.

अँप त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला, गिटार लावली. मला वाजवता असं काही येत नाही. लग्नात बँडवाले वाजवतात तसली एक चाल येते, तीच धरली. पहिल्या तारेलाच म्हातारीनं डोळे मिटले. शैलाताई तोंडाला पदर लावून दारात उभ्या. चादरीखाली उजव्या पायाची बोटं हलायला लागली, ती मला खुर्चीवरून दिसत होती.

मग हात वर करून त्यांनी मला थांबवलं. आवाज खोल गेलेला, पण स्पष्ट.

'एक गाठ उलटी बसलीया.'

मी शैलाताईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं. 'कसली गाठ, आई?'

मंडळी, इथं जरा थांबून विचार करा. फळी स्क्रूनं बंद होती. दोरीबद्दल मी या घरात कुणाला बोललो नव्हतो. बबनमामांनी गाठ शिकवली, पण मी मारलेल्या गाठी त्यांनीही बघितल्या नव्हत्या. त्यांच्याकडं या लोकांचा नंबरही नाही, नंतर मी खात्री करून घेतली.

गुपचूप प्लग काढला, कंडेन्सर रिकामे केले, फळी उघडली आणि दोरीवरून बोट फिरवत गेलो. सगळ्या गाठी एका अंगाला पडलेल्या. ट्रान्सफॉर्मरच्या मागं, जिथं मला नीट दिसतही नव्हतं, तिथली एक उलटी.

इंदूबाई म्हणाल्या, 'हिकडं आन.' मी चासी, म्हणजे आतला सगळा पत्र्याचा सांगाडा, बाहेर काढून त्यांच्या मांडीजवळ खाटेवर ठेवली. त्यांनी आत बघितलंही नाही. दोरीवरून बोटं फिरवत नेमकी ती जागा धरली. गाठ सोडली, वेढा घेतला, खालून वर, अंगठा न सोडता ओढली. मग दोरीला बोटं लावून कपाळाला लावली. शैलाताई तशाच बघत राहिल्या. आपल्या आईला हे येतं, हे त्यांना त्या घडीला कळत होतं.

'लाव आता,' म्हातारी म्हणाली.

चासी आत घातली, प्लग लावला. गिटार मांडीवर घेतली, पण वाजवायला हात उठेना, म्हणून तारांवर तळवा दाबून धरला. हे मुद्दाम सांगतोय. तारा दाबलेल्या होत्या. गिटारमधून काही आवाज येणं शक्य नव्हतं.

इंदूबाईंनी चादर सारली. दोन्ही पाय खाटेखाली सोडले. शैलाताईंनी धावत वॉकर आणला, तर तो नको म्हणून लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. आधी डावा पाय टेकवला. काही नाही. मग उजवा उचलला... आणि भुईवर ठेवला.

छुम्.

पेटीतून. शैलाताईंनी खाली आईच्या पायाकडं बघितलं. मीही बघितलं. सुरकुतलेला, भेगाळलेला, उघडा पाय. पुढचं पाऊल डावं, शांत. मग उजवं, छुम्. डावं, शांत. उजवं, छुम्. म्हातारी उंबऱ्यापर्यंत गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी रडत होतो, लाजायचं काय त्यात.

तेव्हा मला कळलं. मामा म्हणाले होते एका पायाचा आवाज. मी धरून चाललो होतो की तो डावा, ती ज्या पायावर नाचायची तो. माझ्या दुकानात दुपारभर वाजत होता तो डावा नव्हता, हाच उजवा होता.

'आई, काय वाजतंय गं हे?' शैलाताईंनी विचारलं.

'तुझ्या बापाला दिला व्हता ह्यो पाय,' इंदूबाई म्हणाल्या. 'आज मागून घेतला.'

इंदूबाई खाटेवर परत बसल्यावर मी माझी सगळी अक्कल पणाला लावली. खोलीभर पाय आपटत फिरलो. शैलाताईंना फिरायला लावलं. दुपारी भाऊ आला, त्याला बुटांसकट नाचायला लावलं, त्याला वाटलं मेकॅनिक पिऊन आलाय. पेटीतून नुसता धप्प आवाज. व्हॉल्व्ह ठीक, जोड ठीक. घुंगराचा आवाज त्या दिवसानंतर पुन्हा आलेला नाही, इंदूबाईंच्या पावलानंही नाही. भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. म्हातारी आता काठी टेकत गोठ्यापर्यंत जाते आणि गाईंना शिव्या देते, असं शैलाताई सांगतात.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. योगायोग, मनाचे खेळ, मायक्रोफोनिक व्हॉल्व्ह. म्हणा. मी स्वतः सगळं म्हणून झालंय. दोनदा कागदावर सर्किट काढलं, तो आवाज त्यात कुठंच बसत नाही.

निघताना इंदूबाईंना एक विचारलं होतं. दुरुस्त केलेल्या मशीनवर मी माझा स्टिकर लावतो, या पेटीवर लावायला मन धजलं नाही. म्हणालो, मावशी, यावर कुणाचंच नाव नाही, तुमचं टाकू का? पत्र्यावर कोरून देतो झकास.

त्या हसल्या. पुढचे दोन दात नाहीत. 'नाव कशाला रं? आवाज वळखला न्हाईस का तू?'

वळखला, मावशी. कुठून आला, तेवढं मात्र मला अजून सापडलेलं नाही.